तीन रुपये बाकी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत साध्या जगण्याविषयी आणि मनाच्या समाधानाविषयी पानभर लेख आला होता. तो मी दोनदा वाचला. सकाळी ओट्यावर उन्हाला बसून वाचला तेव्हा बरा वाटला. दुपारी जेवण झाल्यावर पुन्हा वाचला, तेव्हा राग आला. राग नेमका कशाचा आला हे सापडायला दोन दिवस गेले, म्हणून पत्राला उशीर झाला. मजकूर लांबला तर कात्री लावावी, पण आईविषयीचा भाग तेवढा ठेवावा.

मी एसटीत वाहक होतो. वाहक हा शब्द फक्त ऑर्डरवर असतो, लोक कंडक्टर म्हणतात आणि मीही तेच म्हणतो. १९८६ ला लागलो, २०१९ ला निवृत्त झालो. अमळनेर–चोपडा, अमळनेर–पारोळा–धुळे, बेटावद, शिरपूर आणि तापीकाठच्या खेड्यांच्या मुक्कामी गाड्या, यात तेहेतीस वर्षं गेली. लिहिण्याचा सराव फक्त वेबिलाचा, म्हणजे फेरीच्या तिकिटांच्या हिशेबाच्या कागदाचा, तेव्हा भाषा सांभाळून घ्यावी.

लेखात एके ठिकाणी म्हटलं आहे की आपल्या आज्या-पणज्या मोजकं खात, मोजकं नेसत, म्हणून त्या समाधानी होत्या. माझी आई १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात होती. मी अकरा वर्षांचा होतो. वडील मिलमध्ये बदली कामगार. सकाळी फाटकाशी जाऊन उभं राहायचं, नाव पुकारलं तर हजेरी, नाही पुकारलं तर डबा तसाच घरी परत. रेशनला मिलो यायची, लाल ज्वारी. तिची भाकर थापताना काठाला चिरायची आणि गार झाली की चिवट व्हायची. आई खरोखरच मोजकं खायची, कारण आम्ही भावंडं चार होतो. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना कायम चिंधी बांधलेली असे, ती मला अजून दिसते. त्या दिवसांना कोणी कृपा करून साधी राहणी म्हणू नये. ज्याच्या डब्यात गहू आहेत आणि तरी जो भाकर खातो, त्याने तो शब्द वापरावा. आई समाधानी होती का? ते तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं, आणि आता ती नाही.

लेखाच्या शेवटी एक चौकट होती. साधं जगायला सुरुवात करण्यासाठी काय काय घ्यावं, त्याची यादी. तांब्याची बाटली, सुती चटई, मनातलं लिहायला जाड कागदाची वही. आणि जमलं तर वर्षातून एकदा थंड हवेच्या ठिकाणी तीन दिवसांचं शिबिर. ते वाचून सौ. एवढंच म्हणाली, "म्हणजे आधी खर्च करायचा." मधेच कुठेतरी एक जपानी शब्दही होता. जपान्यांशी माझं भांडण नाही. पण आमच्या अमळनेरात १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, प्रताप शेठजींनी काढलेलं, हे लेखकाला कोणी सांगायला हवं होतं. अर्थात मी स्वतः शेकडो वेळा त्याच्यासमोरून गेलो आणि एकदाही आत पाय ठेवला नाही, हेही इथेच कबूल करतो.

बाकी लेखातलं एक वाक्य मला पटलं. हातात असेल त्या कामात पुरतं असावं, असं काहीसं ते होतं. पटलं ते असं.

गाडी स्टँडातून सुटली की पहिली दहा-पंधरा मिनिटं कंडक्टरची. पन्नास-साठ माणसं, त्यातली काही उभी, आणि पुढचा टप्पा यायच्या आत सगळ्यांची तिकिटं फाडून व्हायला हवीत. तेव्हा मशीन आलेलं नव्हतं. एका हातात तिकिटांचा ट्रे, त्यात रंगारंगाचे गठ्ठे, दुसऱ्या हातात पंच. कोण कुठून चढलं, कोणाचं पोरगं खरंच पाच वर्षांचं आहे आणि कोणाचं तीन वर्षांपासून पाच वर्षांचंच आहे, कोण झोपेचं सोंग घेऊन खिडकीला टेकलंय, कोणाचे सुट्टे राहिलेत, हे सगळं एका वेळी डोक्यात धरायचं आणि वर खड्ड्यात पाय सांभाळायचा. त्या पंधरा मिनिटांत मला घरचं भांडण कधी आठवलं नाही. मुलाची फी आठवली नाही. साहेबाने काल काय ऐकवलं तेही नाही. या अवस्थेला काय म्हणतात ते आता लेखात कळलं. आम्ही त्याला बुकिंग म्हणत होतो.

रात्री मुक्कामाच्या गावी गाडी मारुतीच्या पाराजवळ लागायची. ड्रायव्हर हातपाय धुऊन मागच्या लांब सीटवर आडवा व्हायचा. मी दिव्याखाली वेबिल उघडायचो. प्रत्येक गठ्ठ्याचा शेवटचा नंबर, वजाबाकी, गुणाकार, बेरीज, आणि मग पिशवी सीटवर उपडी करून नोटा-नाणी मोजायची. कमी भरलं तर पदरचं घालायचं. जास्त भरलं तरी ती चूकच, कारण कोणाचे तरी द्यायचे राहिले असा त्याचा अर्थ. दोन्ही आकडे जुळले की मी पिशवी डोक्याखाली घ्यायचो. डास, कुत्री, पावसाळ्यात टपातून मानेवर थेंब, काही असो, जी झोप लागायची ती मला घरच्या गादीवर अजून लागलेली नाही.

१९९४ मधली एक रात्र मात्र जुळली नाही. तीन रुपये जास्त.

कोणाचे ते लगेच कळलं. सकाळी बाजाराला निघालेली एक म्हातारी मेथीच्या जुड्यांची टोपली घेऊन चढली होती. टोपली वाटेत ठेवण्यावरून आमची चांगलीच जुंपली. सात रुपयांचं तिकीट, तिने दहाची नोट दिली. माझ्याकडे सुट्टे नव्हते, म्हणून तिकिटाच्या मागे ३ लिहून गोल केला. ही आमची रीत, उतरताना तिकीट दाखवून बाकी न्यायची. अमळनेर आलं, सगळी गाडी एकदम उठली, ती टोपली सावरत उतरली आणि तीन रुपये माझ्याकडे राहिले. जादा रक्कम नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी आगारात भरली. कागदावर मी मोकळा झालो. पण बाईचे पैसे बाईला मिळाले नव्हते ते नव्हतेच. दुसऱ्या दिवसापासून माझी ड्यूटी धुळ्याच्या गाडीवर पडली आणि ती मेथीची टोपली डोक्यातून जाईना. तीन रुपयांचं इतकं काय, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणत होतो. भांडून वर पैसे ठेवून घेतले, असं तिला वाटत असणार, हे मला खात होतं.

दोन महिन्यांनी त्याच गावाची मुक्कामी मिळाली. संध्याकाळी गाडी लावून मी गावात विचारत निघालो, मेथी विकणारी म्हातारी कुठे राहते? चार बोळ हिंडल्यावर घर सापडलं. ती दारात बसून शेंगा फोडत होती. मी ओळख दिली, तीन रुपये पुढे केले. तिने पैशांकडे बघितलंही नाही.

"त्या दुसरा कंडक्टरनी कव्हयच देई टाकात," ती म्हणाली. "तू कसाले उना?"

तू कशाला आलास, असं. म्हणजे दुसऱ्या फेरीला तिने तेच तिकीट दुसऱ्याच कंडक्टरला दाखवलं होतं आणि त्याने आपल्या खिशातून तीन रुपये देऊन टाकले होते. मी तिच्या दारात तीन रुपये तळहातावर घेऊन उभा. तिला माझी दया आली असावी. बठ म्हणाली. कोरा चहा दिला, बशीत. मग टोपलीवरून पुन्हा एकदा भांडली, म्हणाली टोपली वाटेत नव्हतीच, तुझा पाय वाटेत होता.

आगारात आल्यावर त्या मार्गावर जाणाऱ्या चार-पाच जणांना विचारलं, त्या म्हातारीला तीन रुपये कोणी दिले? एकही कबूल होईना. मी कसल्या तरी चौकशीत अडकवतोय अशी शंका आली असेल. ते तीन रुपये मला आजतागायत फेडता आले नाहीत. निवृत्तीला माझा सत्कार झाला, शाल मिळाली, भाषणं झाली, कोण काय बोललं ते आठवड्यात विसरलो. त्या बोळातून चालत गेलेली संध्याकाळ आणि तो कोरा चहा विसरलेलो नाही. असं का, हे मला नीट मांडता येत नाही. लेखात उत्तर मिळेल असं वाटलं होतं, म्हणूनच दोनदा वाचला.

आता दुसरा हिशेब सांगतो, कारण खरा रोग तो आहे.

आमच्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली, हे खान्देशात शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. गावातल्या साध्या साध्या माणसांनी त्या कंपनीचे शेअर घेतले होते. ज्यांनी ठेवले ते करोडपती झाले. ज्यांनी विकले ते आम्ही. वडील पुढे मिलमध्ये कायम झाले आणि शेजारच्या काकांच्या आग्रहावरून त्यांनी थोडे शेअर घेतले. १९८१ ला मोठ्या बहिणीच्या लग्नासाठी विकून टाकले. लग्न छान झालं, बहीण सुखी आहे. पण आमच्या भाऊबंदकीत कुठलंही लग्न असो, साखरपुडा असो, जेवणं उरकली की एक नातेवाईक मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढतो आणि आज ते शेअर किती कोटींचे असते ते सगळ्यांना सांगतो. बोनस धरून. तेराव्यालाही सांगितलं आहे.

हा हिशेब मीही वर्षानुवर्षं रात्री अंथरुणात केला. कधी जुळला नाही. वेबिलात न फाटलेल्या तिकिटाचं उत्पन्न लिहायला रकाना नसतो, आणि मी नेमकं तेच लिहीत बसलो होतो.

ज्यांनी शेअर ठेवले त्यातले एक आजोबा आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. किती आहे ते कोणाला माहीत नाही. पण बनियन तेच, तोच ओटा, संध्याकाळी पोळीच्या तुकड्यासाठी तीच गाय येते. आम्ही दोघं एकाच ओट्यावर बसतो. बघणाऱ्याला दोघंही साधे वाटतील. फरक मला कळतो. सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन पैशाअभावी तीन वर्षं लांबलं, त्या तीन वर्षांत ती देवघरापर्यंत भिंत धरून जायची. आजोबांच्या घरी तसलं दुखणं निघालं असतं तर तिसऱ्या दिवशी उरकलं असतं. तेव्हा पैशाने समाधान मिळत नाही हे वाक्य मी लिहिणार नाही. गुडघा मिळतो.

निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष वाईट गेलं. पहाटे चारला डोळा उघडायचा आणि गाडी नसायची. पुण्याच्या मुलाने चांगला मोबाइल घेऊन दिला. सकाळपासून सुप्रभातचे निरोप, मग प्रवचनं. मनःशांतीवरचं एक अर्धं ऐकलं की खाली दुसरं दिसायचं, ते अर्धं ऐकलं की तिसरं. मुलाने श्वासाचं अ‍ॅप टाकून दिलं. एक बाई गोड आवाजात सांगायची, श्वास घ्या, धरा, सोडा. तिसऱ्या श्वासाला कर्जाची जाहिरात लागायची. तेवढा वेळ श्वास धरून ठेवायचा की सोडायचा, हे कुठेच सांगितलेलं नव्हतं.

शेवटी सौ.ने कामाला लावलं. चंपाषष्ठी जवळ आली होती. आमच्याकडे चातुर्मासात वांगं वर्ज्य असतं, षष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की सुटतं, आणि मग थंडीभर भरितच भरीत. गुडघ्यामुळे तिला चुलीपाशी बसता येत नव्हतं. म्हणाली, वांगी तुम्ही भाजा.

बामणोदकडची वांगी, पांढरट हिरवी, एकेक अर्ध्या-पाऊण किलोचं. एका शेतकरी मित्राकडून पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, भारा आणला होता. पहिल्या दिवशी मी मोबाइल मांडीवर ठेवून प्रवचन लावलं आणि पाच वांगी जाळावर घातली. वर्तमानात जगा असं ते महाराज सांगत होते. तेवढ्यात एक वांगं फुटलं, फट्ट करून, आणि राख माझ्या चष्म्यावर. टोचे मारायचेच विसरलो होतो. उरलेली चार एका अंगाने कोळसा आणि देठाकडे कच्ची. सौ. दारात उभी राहून हसली. "कंडक्टर, गाडी जई गई."

दुसऱ्या दिवसापासून मोबाइल घरात. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. पऱ्हाटीचा जाळ भडकतो आणि बसतो, तुराटीसारखा भसाभस संपत नाही पण लाकडासारखा टिकतही नाही. दर दोन मिनिटांनी चार काड्या सारायच्या. वांगं देठाला धरून फिरवायचं, पण देठही तापतो, म्हणून बोटं पाण्यात बुडवून धरायचं. साल आधी चमकतं, मग सुरकुततं, मग एका जागी चीर पडून रस येतो आणि जाळावर चुर्र वाजतो. तो आवाज आला की पोट शिजलं. देठाजवळचा भाग मात्र शेवटपर्यंत फसवतो. तिथे काडी टोचून बघायची, लोण्यात गेल्यासारखी गेली पाहिजे. हिरव्या मिरच्या त्याच निखाऱ्यावर. मग सगळं लाकडी बडगीत घालून ठेचायचं, ते काम मला जमायला महिना लागला, आधी मी त्याचा लगदा करून ठेवायचो. वांग्याचे रेषे दिसले पाहिजेत असं सौ.चं म्हणणं. फोडणी तिची. कांद्याची पात, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. बरोबर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर.

गेली चार-पाच वर्षं थंडीत मीच भाजतो. आता गल्लीतले चौघं-पाच जण आपापली वांगी घेऊन येतात. कोणाचं कुठलं ते कळावं म्हणून मी देठावर ओल्या चुन्याने आकडे घालतो. सौ.चं म्हणणं, "आते काय वांगासले भी तिकीट फाडतस का?" आजोबाही वांगं घेऊन येतात, बनियनवर. शेअरचा हिशेब मांडणारा नातेवाईक गेल्या आठवड्यात आला होता. त्याच्या हाती मी काड्यांची जुडी दिली आणि सांगितलं, जाळ बसू द्यायचा नाही. अर्धा तास त्याने मोबाइल काढला नाही. नंतर काढला, पण वांग्यांचा फोटो घ्यायला.

आणखी एक. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरला शिकवत होते, आणि वसतिगृहातल्या पोरांचे कपडे स्वतः धुऊन ठेवायचे असं गावातले जुने लोक सांगत आले. आपल्या लेखात त्यांचं नाव चौकटीत आलं आहे, जाड कागदाच्या वहीच्या खाली. ते तिथे नको होतं. पुढच्या वेळी यादी छापायचीच असेल तर वेगळी छापावी.

लेखकाला माझा निरोप द्यावा की राग आता उरलेला नाही. खान्देशात येणं झालं तर अमळनेरला उतरावं. मुक्कामाला यावं, शिबिराची फी नाही.

माझं नाव छापू नये. शेअरचं वाचून फोन येतील.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर
अमळनेर, जि. जळगाव

ता. क. त्याच पुरवणीत मागच्या पानावर भरिताची पाककृती आहे. त्यात वांगं गॅसवर भाजून लगेच नळाखाली धरावं, म्हणजे साल पटकन निघतं, असं दिलं आहे. तसं करू नये. धूर सगळा पाण्याबरोबर वाहून जातो. वांगं परातीत झाकून ठेवावं, हाताला सोसवेल इतकं निवू द्यावं आणि कोरड्या हाताने सोलावं. बोटं काळी होतात.